पिवळ्या माशाचे पट्टे

४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र आधी फ्रिजवर ठेवून देशील. दुसऱ्या दिवशी चहा पिताना त्याच्याकडे दोनदा बघशील. मग ‘बघू तरी काय म्हणतेय’ असं भिंतीला सांगून फोडशील. तीन वर्षांत माणसाच्या सवयी बदलत नाहीत, म्हणून मी निवांत लिहायला बसले आहे.

तुझे मास्तर कसे आहेत? छातीवरची शिवण नीट भरून आली ना? जिने चढतात का आता, की अजूनही चित्रकलेच्या तासाला उभं राहिल्यासारखं एका जागी थांबून सगळ्यांना कामं सांगतात? गोळ्या वेळेवर घेतात ना? भाचीची अर्धशिशी कशी आहे? तिला प्रयोगशाळेत नोकरी लागल्याचं कुणाकडून तरी कळलं. फार बरं वाटलं, पण रिकाम्या पोटी चहा ढोसत असेल तर कान उपट तिचे. बाल्कनीतलं कासव आहे का? असणारच. ते आपल्या सगळ्यांचं उरकल्यावर आरामात जाणार. आणि तुझा डावा गुडघा? थंडीत अजून कुरकुरतो का?

माझं विचारशील तर चार दात कमी झालेत. बाकी मी ठणठणीत.

आता मुद्द्याचं. मी समुद्रात बुडी मारायला चालले आहे. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, पायात बदकासारखे पंखे, असं सगळं घालून, चांगली पंधरा-वीस मिनिटं पाण्याखाली राहणार. फेब्रुवारीत. हसून झालं असेल तर पुढे वाच.

आपल्या मागावरचं ते पडद्यांचं कापड आठवतं? निळी जमीन आणि त्यावर पिवळे मासे. हॉटेलवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक होतं, सात-आठ वर्षं आपण दुसरं काही विणलं नाही. समोरासमोरच्या दोन मागांवर दोघी बहिणी दिवसभर मासेच काढत बसलो होतो. आणि तू पहिल्या दिवसापासून म्हणत होतीस, डिझाईनवाल्याने समुद्र कधी बघितलेलाच नाही, माशाचे पट्टे उभे असतात, याने आडवे काढलेत. मी म्हणायचे, तुला काय समुद्राने येऊन सांगितलं? मालकाने ठरवलं तेच खरं. त्या एका माशावरून आपण किती भांडलो! एकदा तर पाळी सुटली तरी आपण तिथेच उभ्या, आणि खात्यावर देखरेख करणारा जॉबर म्हणाला, “बायांनो, मासा मेला कधीचा, घरी जा.”

तर मी तो मासा बघायला चालले आहे. वाचनालयात बुडीचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. चौथीत शाळा सुटलेली ही बाई, कापडाच्या ताग्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचायला शिकलेली, तिने तीन आठवड्यांत ते पुस्तक पालथं घातलं. हवेचा दाब, कानातला दाब, रक्तातली हवा, सगळं वहीत लिहून काढलंय. फक्त माशांच्या चित्रांची पानं वाचलेली नाहीत. त्या पानांना मी कपड्यांचे दोन चिमटे लावून ठेवले होते, आणि पुस्तक परत करताना चिमटे काढले तेही डोळे मिटून. वाचनालयातल्या बाईंना वाटलं मला चक्कर आली. का ते तुझं तुला कळेल.

प्रवासाचं सगळं ठरवून झालंय. ऐक, म्हणजे वाच. विमान मोठ्या शहरापर्यंत. तिथून बसने बंदरावर, आणि बंदरावरून तीन तासांची बोट. सोमवारची बोट घ्यायची नाही. मी जाणार त्या आठवड्यात ती ओहोटीला पोचते, धक्क्यापर्यंत जात नाही, आणि सामान डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. गुरुवारची बोट भरतीला पोचते. हे मला कुणी सांगितलं नाही, भरतीचं वेळापत्रक आणि बोटीचं वेळापत्रक शेजारी ठेवून मी स्वतः काढलं. बेटावर रस्ता एकच, बेटाला कडं घातल्यासारखा. बस दिवसातून दोनदाच. पण बाकड्यांच्या पिकअप गाड्या फिरत असतात, हात केला की थांबतात. पिकअपमध्ये मी डावीकडे बसणार, तू माझ्या उजवीकडे बस. भाड्याने सायकली मिळतात, पण मला सायकल नको, मागून कोण येतंय ते कळत नाही. तुला हवी तर घे. खोली तळमजल्यावरची, दोन पलंगांची, बुडीवाल्यांच्या झोपडीपासून चालत चार मिनिटं. खोलीवाल्या बाईंनी फोन नंबर दिला होता. मी कळवलं, जे काय असेल ते लिहूनच सांगा. बाई सज्जन निघाल्या, किटली आहे का इथपासून सगळं लिहून पाठवलं.

पहिल्या दिवशी पोचायचं आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशी छातीभर पाण्यात सराव. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सकाळी बुडी, तेव्हा पाणी शांत असतं. शेवटचा अख्खा दिवस मात्र कोरडा. बुडी मारून लगेच विमानात बसायचं नसतं. रक्तात मुरलेली हवा उंचावर गेल्यावर सोड्याच्या बाटलीसारखी उसळते म्हणे. म्हणून त्या दिवशी पिकअपमध्ये बसून बेटाला प्रदक्षिणा घालायची आणि लोकांची वाळत घातलेली धुणी बघायची. कापड कसलं आहे ते लांबून ओळखायची आपली पैज.

इथल्या पोहण्याच्या तलावावर माझा सराव चालू आहे. शिकवणारे सर चाळिशीचे, आधी बंदरात बोटींचे तळ तपासायचे. मी त्यांना पाणबुडेसर म्हणते. तो रबरी पोशाख अंगात चढवायचा म्हणजे लहान उशीच्या अभ्र्यात मोठी गादी कोंबण्याचा प्रकार. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली आणि दोन बायका लागल्या.

तिसऱ्या दिवशी गंमत झाली. आम्ही छातीभर पाण्यात गुडघे टेकून बसलो होतो, डोकी पाण्याखाली. सरांच्या कमरेशी जी जादा नळी लोंबत असते, तिच्यातून एकाएकी भसाभस बुडबुडे सुटले. आता तूच सांग, मागावर काही सुटलं, तुटलं, भसकलं की आपण काय करतो? आधी माग बंद, मग चौकशी. माझा हात आपोआप सरांच्या मानेमागे गेला आणि मी टाकीची चावी गरागरा फिरवून बंद केली. बुडबुडे थांबले. मी खूश. सरांनी दोन श्वास घेतले, तिसरा आलाच नाही. ते उसळी मारून उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. “आजी,” ते म्हणाले, “पंधरा वर्षांत मला कुणी बंद केलं नव्हतं.” मी म्हटलं, “धागा तुटल्यावर माग चालू ठेवला तर आमच्याकडे दंड होता.” सर हसले, मी हसले, विषय संपला.

चिरंजीवांचा विरोध आहे, हे सांगायला नको. “आई, तुझं वय काय?” म्हणाला. म्हटलं, “तुझ्यापेक्षा चोवीसने जास्त, आणि कायम तेवढंच राहणार.” म्हणाला, “या वयात माणसं शांत बसतात.” म्हटलं, “अठ्ठावीस वर्षं मागासमोर उभी होते, म्हणून नंतर आठ वर्षं बसून घेतलं. झालं आता बसून.” मग त्याने डॉक्टरचा फॉर्म नेऊन स्वतःच्या कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी तलावावर जाऊन मी नवीन फॉर्म आणला. बिचाऱ्याला वाटतं, जगात फॉर्म एकच असतो.

त्या फॉर्मवर एक ओळ आहे, ‘जोडीदाराचं नाव’. पाण्यात एकट्याने जायचं नसतं. दोघांची जोडी असते. उतरण्याआधी एकमेकांची टाकी तपासायची, खाली एकमेकांकडे बघत राहायचं, बोलायचं ते हातांनी. हे वाचलं आणि मी पुस्तक मांडीवर पालथं घातलं. साठ मागांच्या त्या खडखडाटात आपण दुसरं काय केलं गं? मी पंजा उघडा धरला की तुला कळायचं, ‘थांब, आले’. तू दोन बोटं चिमटीसारखी ओढलीस की मला कळायचं, तुझा धागा तुटलाय. ओठ बघून आपण अख्ख्या खात्याची भांडणं वाचायचो. तू कानात कापसाचे बोळे घालून यायचीस म्हणून मी तुझं नाव कापूसराणी पाडलं, आणि ते तुला चार मागांपलीकडून ओठांनी ओरडून सांगायचे. पोहायलाही तू माझ्याहून चांगली. खाणीच्या तळ्यात मी काठाने, तू मधोमध.

म्हणून ती ओळ मी मोकळी ठेवली आहे.

मागचं काही काढायचं नाही. मी काढत नाही, तूही काढू नकोस. येते किंवा येत नाही, एवढंच कळव. पण लिहून कळव. फोन करू नकोस, माझा फोन बिघडलाय.

तुझी ठणठणीत
ताई


१५ ऑक्टोबर, शनिवार

कापूसराणी,

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला. मी खिडकीत बसले होते आणि फोन माझ्या हातातच होता. तो थरथरायला लागला, उजळला आणि त्यावर तुझं नाव आलं. तीन वर्षांनी. तो थांबेपर्यंत मी त्या नावाकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी तू पुन्हा केलास. तेव्हाही बघत राहिले. फोन बिघडलाय असं मी लिहिलं होतं, आणि तो तुझ्या कानात छान वाजत असणार.

तू काय समजली असशील ते मला माहीत आहे. आधी पत्र पाठवून गोड बोलते आणि मग फोन उचलत नाही, म्हणजे हिचं मन अजून तस्संच. म्हणून आज तब्येती विचारत नाही. आज मला एक गोष्ट एका दमात लिहायची आहे. मध्ये थांबले तर नवा कागद घेईन आणि पुन्हा ठणठणीत म्हणून सही करीन.

मागच्या पत्रात तलावाची गोष्ट मी अर्धीच सांगितली. सर हसले इथपर्यंत खरं. त्यानंतर मी पाठ फिरवून पायऱ्यांकडे चालू लागले. मी पायऱ्यांशी पोचले तरी सर मागून काही बोलले नाहीत असं मला वाटलं. तेवढ्यात ते पाणी कापत आले आणि माझ्या समोर उभे राहिले. म्हणाले, “आजी, मी तुम्हाला चारदा हाक मारली. तुम्हाला माझा आवाज येत नाही ना?”

मी म्हटलं, “येतो की. चांगला येतो.”

सरांनी बोटाने स्वतःच्या ओठांकडे दाखवलं आणि सावकाश म्हणाले, “आत्ता मी आवाज काढलाच नव्हता.”

अशी पकडले गेले बघ. तुला फसवलं, पोराला फसवलं, डॉक्टरला फसवलं, आणि एका भिजलेल्या माणसाने मला नुसते ओठ हलवून पकडलं.

मला ऐकू येत नाही. हे मी पहिल्यांदा लिहिते आहे. डाव्या कानाने काही नाही. उजव्या कानाने थोडा गोंगाट, लांबच्या खात्यात माग चालू असल्यासारखा. सहा-सात वर्षं झाली. माणूस समोर असला तर मी ओठ वाचते, आणि आपल्यासारखे ओठ कुणाला वाचता येतात? बँकेतला माणूस, दुकानदार, शेजारीण, कुणाला पत्ता लागला नाही. फक्त फोनला ओठ नसतात.

फोनसाठी मी एक युक्ती काढली होती. आवाज चढून थांबला की तो प्रश्न असतो. प्रश्नाला ‘हो हो, नक्की’ म्हटलं की बहुतेक माणसं खूश होतात आणि फोन ठेवतात. दोन वर्षं ही युक्ती छान चालली.

मग तुझा तो फोन आला. मला काय ऐकू आलं सांगू? काही नाही. नुसती चढउतार. तू थांबत थांबत बोलत होतीस. मला वाटलं भाचीच्या परीक्षेचं काहीतरी असेल. तुझा आवाज चढला आणि थांबला. मी म्हटलं, “हो हो, नक्की.” तू पुन्हा काही विचारलंस. मी पुन्हा म्हटलं, “अगदी नक्की, काळजीच करू नकोस.” तू फोन ठेवलास आणि मी आनंदात होते, कारण किती दिवसांनी तुझा फोन आला होता. दुसऱ्या दिवशी, ज्या वेळी मास्तरांची छाती उघडली होती आणि तू इस्पितळातल्या बाकड्यावर बसून माझ्या वाटेकडे डोळे लावले होतेस, त्या वेळी मी घरात उशांचा कापूस पिंजत होते. गुणगुणत होते म्हणे. सूनबाईने नंतर सांगितलं, “आई, त्या दिवशी तुम्ही खूप बेसूर गात होता.”

चार तास तू एकटी होतीस. त्या चार तासांत दार किती वेळा उघडलं असेल, आणि प्रत्येक वेळी तू मान वर केली असशील.

एवढंच असतं तरी मी सावरून घेतलं असतं. पण त्यानंतर तू माझ्या दारात आलीस. मास्तर बरे होते, त्यांना घरी आणून तू तशीच आली होतीस, डोळ्यांखाली काळं, ओढणी एका खांद्यावरून लोंबत. आत ये म्हटलं तर आली नाहीस. उंबऱ्यावर उभी राहून विचारलंस, “फोनवर इतकं हो हो म्हणालीस. बहिरी आहेस का तू?”

धाकटे, त्या क्षणी मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. दोन वर्षं फोनवर खोटं ‘हो’ म्हणत आलेल्या बाईला एकदा खरं ‘हो’ म्हणायचं होतं. तुझे ओठ मला स्वच्छ दिसत होते. आणि मी काय म्हणाले?

“बहिरी नाही. सगळं ऐकलं. नाही आले.”

दुष्ट ठरले तरी चालेल, पण बहिरी नाही. असा माझा ताठा. आता यामागचं कारणही सांगते, कारण ते तुलाच माहीत आहे. तू रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी चार बोळे करायचीस, दोन तुझे आणि दोन माझे. रोज माझे दोन तू तळहातावर ठेवून पुढे करायचीस, आणि रोज मी ते उडवून लावायचे. “हे नाजूक बायकांचं काम,” म्हणायचे. “माझे कान लोखंडी आहेत.” सगळं खातं हसायचं. अठ्ठावीस वर्षं तू हात पुढे केलास. आणि त्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर जर मी ‘हो’ म्हटलं असतं, तर ते दोन बोळे मला दिसले असते. तू काही बोलली नसतीस, हे मला माहीत आहे. म्हणूनच जास्त अवघड होतं.

झालं लिहून. कागद फाटला नाही, छत कोसळलं नाही.

आता दया दाखवायला लागलीस तर बघ. मी रडगाणं लिहीत नाही. सरांनी सांगितल्यावर मी दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, एकटी. त्यांना पहिल्याच वाक्यात म्हटलं, मला ऐकू येत नाही, समोर बसून बोला. त्यांनी दुर्बीण घालून दोन्ही कान बघितले. म्हणाल्या, पडदे चांगले आहेत, यंत्रांच्या आवाजाने आतल्या शिरा गेल्या आहेत. नाक दाबून कानात हवा सोडायला लावली, ती मी सोडली. पाण्यात जायला हरकत आहे का, हे विचारायला त्यांनी वरच्या डॉक्टरांनाही बोलावलं. छाती तपासली, पायऱ्या चढायला लावल्या, पुन्हा छाती तपासली. दोघांनी फॉर्मवर सह्या केल्या. डॉक्टरीणबाईंनी यंत्राचं नाव लिहून दिलं, तेही घेणार आहे मी. पण पाण्याखाली ते चालत नाही, आणि पाण्याखाली त्याची गरजही नाही. हीच तर गंमत आहे. तिथे सगळेच माझ्यासारखे. तिथे सगळे हातांनी बोलतात आणि चुकतात, आणि मी ते अठ्ठावीस वर्षं केलंय. तलावावरची तरुण मंडळी चार खुणा शिकायला आठवडा घेतात. मी सरांना आपल्या खात्यातल्या सतरा दाखवल्या.

घरीही सांगून टाकलं. जेवणाच्या टेबलावर, ताट पुढे सरकवून. “मला ऐकू येत नाही,” म्हटलं. कुणी दचकलं नाही. सूनबाई म्हणाली, “माहीत आहे आई.” मग लक्षात आलं, माझ्या खोलीत यायच्या आधी ती बाहेरून दिवा दोनदा लावते-विझवते. दोन वर्षं मी समजत होते, पोरीला बटणांशी खेळायची खोड आहे. आणि चिरंजीव म्हणाले, “म्हणूनच नको म्हणतोय ना मी.” म्हटलं, “आणि म्हणूनच मी जाणार.” तो काहीतरी बोलला, पण मी मुद्दाम मान फिरवली. बहिरेपणाचे काही फायदेही आहेत.

दुसऱ्या दिवशी त्याने जुना फॉर्म कपाटातून काढून माझ्या उशाशी ठेवला. काही बोलला नाही. की बोलला, मला माहीत नाही.

आता सरांची अट ऐक. ते म्हणाले, “खाली काही अडचण नाही आजी. पण वर आल्यावर बोटीवरून हाका मारतात, शिट्ट्या वाजवतात, दुसरी बोट जवळून जाते. तेव्हा जोडीदाराला तुमचं माहीत असायला हवं. जोडीदाराला खरं सांगितल्याशिवाय मी तुम्हाला पाण्यात उतरवणार नाही.” मी विचारलं, “आणि जोडीदारच नसला तर?” म्हणाले, “तर मी तुमचा जोडीदार. मला माहीतच आहे.” मी म्हटलं, “थांबा. आधी एका बाईला विचारायचं आहे.”

म्हणजे तू आली नाहीस तरी मी जाणार. हे नीट वाच. लाडीगोडी लावत नाही, धमकीही देत नाही. फेब्रुवारीतल्या गुरुवारी भरतीच्या बोटीने मी त्या बेटावर उतरणार, डावीकडच्या बाकड्यावर बसणार, आणि सकाळी त्या कोमट पाण्यात जाऊन तो मासा बघणार. माझ्या उजवीकडची जागा रिकामी राहिली तर राहिली. तुला राग धरायचा पूर्ण हक्क आहे, आणि मी तो सोड म्हणणार नाही. चार तासांचं मी काही परत करू शकत नाही.

पण आलीस तर एवढं कर. मासा दिसला की मी डोळे मिटून घेईन. तू आधी बघ. पट्टे उभे असले तर पंजा उभा धर, आडवे असले तर आडवा. मग माझ्या खांद्यावर थोपट, मी डोळे उघडीन. उभे निघाले तर जन्मभर तुझं खरं, मी पुन्हा त्या विषयावर तोंड उघडणार नाही. आणि आडवे निघाले तरी मी काही बोलणार नाही, कारण तोंडात नळी असेल.

आणखी एक. तिथे कानात कापूस चालत नाही, डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. तेव्हा या वेळी तळहात पुढे करायची तुझी सुटका झाली.

उत्तर लवकर पाठव. लांब लिहायला हात चालत नसेल तर लिहू नकोस. एक कोरा कागद घे, त्यावर पंजा उघडा ठेव, कडेने पेन्सिल फिरव आणि पाकिटात घाल. मला कळेल. कोरा कागदच आला तर तेही कळेल. टपालवाल्याची घंटा मला ऐकू येत नाही, म्हणून रोज अकरा ते एक मी दार उघडं टाकून दारातच बसते.

तुझी बहिरी
ताई